गिरणीच्या ओट्यावरून : जातं, मिलो आणि महागलेली भाकरी

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की ‘आमच्या वेळचं खाणं’ म्हणून आज जे कौतुकानं सांगितलं जातं, त्यातलं निम्मं नाइलाजाचं होतं. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. निम्मे वाचक रागावलेत आणि उरलेल्यांना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काही कोडं उलगडून हवंय. नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच : सोलापुरात वडिलांनी डिझेल इंजिनावर पिठाची गिरणी घातली, मी ती विजेवर आणली, आता मुलगा चालवतो आणि मी ओट्यावर बसून बोलतो. आहारशास्त्र मला कळत नाही. कुणाच्या डब्यात काय होतं, ते मात्र कळतं.

प्रश्न : अण्णा, माझी आई ८४ वर्षांची आहे. जात्यावरच्या पिठाची चव गिरणीच्या पिठाला नाही, असं ती आजही म्हणते. तुम्ही गेल्या अंकात या म्हणण्यावर नाक मुरडलंत. गिरणीवाल्यानं जात्याला नावं ठेवावीत यात नवल नाही, पण खरं सांगा, जात्याचं पीठ चांगलं नव्हतं का?
— सेवानिवृत्त शिक्षक, लातूर

गुरुजी, टोमणा पोहोचला. माझा धंदाच जात्याच्या मरणावर उभा राहिला, तेव्हा माझं मत तराजूत घालूनच घ्या.

पीठ चांगलंच होतं. जातं हळू फिरतं, त्यामुळे पीठ तापत नाही. शिवाय रोज लागेल तेवढंच दळायचं, म्हणजे पीठ कायम ताजं. ज्वारीला तर ताजेपणाच लागतो. मातोश्रींच्या जिभेवर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्यांना एवढं विचारा की दळायला कितीला उठायच्या आणि जात्याच्या खुंट्याला दुसरा हात कुणाचा असायचा. दहा-बारा माणसांच्या घरात रोजचं दळण म्हणजे दोन बायकांचे दीड-दोन तास. तेही तांबडं फुटायच्या आत, कारण पुढं पाणी, चूल, भाकऱ्या आणि शेत वाट बघत असायचं. पाळी असो, ताप असो, पोटात पोर असो, घरात पीठ नसलं तर चूल पेटत नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवून ठेवल्या आहेत. लोक त्या कौतुकानं ऐकतात. एवढ्या ओव्या रचून होईपर्यंत किती दळण झालं असेल, हा हिशोब कुणी मांडत नाही.

आमची गिरणी सुरू झाली तेव्हा तक्रार करणारे सगळे पुरुष होते. ‘पीठ जळकं लागतं’, ‘भाकरीला गोडी नाही’, ‘घरात बायका असताना दळणाला पैसे कशाला?’ या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. शेजारच्या वाड्यातली एक सून पाटीत खाली ज्वारी आणि वर मेथीच्या जुड्या ठेवून यायची. सासूला वाटायचं, बाई मंडईत गेली. ती वडिलांना म्हणायची, ‘मामा, जरा भरडच काढा.’ जात्यासारखं दिसावं म्हणून! वडील काही न बोलता चाक फिरवून दगड किंचित सैल करायचे. घरी सासरे ती भाकरी खाऊन म्हणायचे म्हणे, ‘बघा, जात्याची चव!’

ओट्यावर आणखी एक प्रश्न कायम यायचा : ‘माझ्या आधी कुणाचं दळण झालं?’ गव्हाच्या आधी ज्वारी किंवा हरभऱ्याची डाळ दळली तर दगडात उरलेलं पीठ पुढच्या डब्यात उतरतं, त्यामुळे प्रश्न रास्त. पण विचारणारा माणूस धान्य विचारतोय की जात, हे आवाजावरून कळायचं. घरोघरच्या जात्यावर हा प्रश्नच नव्हता. गिरणीत सगळ्यांचं पीठ एकाच दगडाखालून निघालं आणि हळूहळू पोटात गेलं. मातोश्रींना माझा नमस्कार सांगा.

प्रश्न : माझे सासरे ८० वर्षांचे, मूळचे मंगळवेढा तालुक्यातले. सगळं खातात, नातवंडांबरोबर पिझ्झासुद्धा. गेल्या महिन्यात मी पौष्टिक म्हणून लालसर ज्वारीचं पीठ आणलं. तांबूस भाकरी ताटात पडली, तसे ते ताट सरकवून उठले. काय झालं विचारलं तर म्हणाले, ‘मिलो माझ्यापुढं आणू नको.’ हा काय प्रकार आहे?
— एक सूनबाई, हडपसर

ताई, तुम्ही नकळत त्यांच्या ताटात १९७२ साल वाढलंत.

आधीची दोन वर्षं पाऊस हात राखूनच पडला होता. बाहत्तरला त्यानं पाठच फिरवली. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर येते, आणि तिचा दाणा असा टपोरा-पांढरा की २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावचा शेतकरी ज्वारी विकत घेत नाही, विकतो. अशा माणसाला रेशनच्या रांगेत उभं राहून अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी पिशवीत घ्यावी लागली. तिचंच नाव मिलो. तिकडे ती मुख्यतः जनावरांना घालतात, हे इकडे रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक झालं होतं.

मी तेव्हा विशीतला होतो आणि रात्रपाळी माझ्याकडे होती. मिलो दळताना गिरणीभर वेगळाच वास भरायचा, साठवणीतल्या पोत्याचा. पीठ विटकरी दिसायचं. भाकरी थापताना कडा चिरायच्या, भाजल्यावर पापुद्रा धड सुटायचा नाही, गार झाली की तुटता तुटायची नाही, आणि जिभेवर तुरट चव राहायची. बायका त्यात घरातली मूठभर पांढरी ज्वारी मिसळून आणायच्या. ती संपली तेव्हा नुसती मिलो यायला लागली.

त्या वर्षी गिरणीत जे पाहिलं ते आधी नव्हतं आणि नंतरही दिसलं नाही. एरवी दळणात थोडी तूट येते, पीठ उडतं, दगडात राहतं, त्याबद्दल कुणी हूं का चूं करत नाही. बाहत्तरला लोक दळायच्या आधी वजन करून घ्यायचे आणि दळल्यावर पुन्हा. डबा भरला की गिरणीची कापडी बाही दोनदा झटकायला लावायचे. रात्री गिरणी बंद करताना आम्ही ओटा झाडायचो. ते झाडलोटीचं पीठ एरवी गुरांसाठी जायचं. त्या उन्हाळ्यात ते मागायला माणसं यायची. आधी मागच्या दारानं यायची, मग पुढच्या. वडिलांनी एक चाळण आणून ठेवली. झाडलोट चाळून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत आणि नाव विचारायचे नाहीत.

दिवसा ही माणसं दुष्काळी कामावर असायची. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, नालाबांध घालायचे. कामावर सुकडी मिळायची, गोडसर कोरडी भुकटी. ती पोरांसाठी पदरात बांधून आणणाऱ्या बाया मी रोज बघत होतो. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी मांडली होती, ती या दुष्काळात राज्यभर कामाला आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मिलोनं माणसं जगवली, यात शंका नाही. पण ज्यानं आपल्याला जगवलं त्याची चव आवडलीच पाहिजे, असं थोडंच आहे?

२०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. तेव्हापासून दुकानात तांबड्या, तपकिरी पिठांच्या चकचकीत पिशव्या दिसतात. तुम्ही आणलेलं पीठ मिलोचं नसणार, चांगलंच असेल. तरी सासऱ्यांना ते पटवायला जाऊ नका. त्यांना पांढऱ्या मालदांडी ज्वारीची भाकरी घाला. तांबूस पीठ धिरड्यात किंवा आंबिलीत संपवा, तिथं रंग कुणी बघत नाही. आणि एखाद्या संध्याकाळी त्यांना विचारा, बाहत्तरला कुठल्या कामावर होता. बहुतेक तलावाचं नाव सांगतील, मुकादमाचंही सांगतील. मिलोचं तुम्ही काढू नका, ते स्वतःच काढतील.

प्रश्न : बाबा सांगतात, त्यांच्या लहानपणी गव्हाची पोळी फक्त सणाला. आज आमच्या कामवाल्या मावशी रोज पोळी खातात आणि आम्ही महागाची ज्वारी आणून भाकरी खातो. हे उलटं केव्हा आणि कसं झालं?
— एक वाचक, कोथरूड

बाबा खरं सांगतात. आमच्या गिरणीत गव्हाचा डबा दिसला की समजायचं, कुणाकडे तरी लग्न, बारसं नाहीतर जावई. दिवाळी आणि नागपंचमीच्या आधी दोन दिवस गव्हाची झुंबड उडायची, मग पुन्हा ज्वारी. गहूही वेगळा. आमच्याकडे खपली जास्त, पुरणाला आणि खिरीला. लिंगायत घरांत तिची हुग्गी, म्हणजे खीर, होते. आज तीच खपली मधुमेहवाल्यांसाठी म्हणून दुप्पट-तिप्पट भावानं मिळते.

उलटं एका दिवसात झालं नाही. आधी रेशनवर परदेशी गहू आला. मग १९६७च्या सुमारास कल्याणसोना आणि सोनालिका हे गव्हाचे नवे वाण आले, बुटके आणि भरघोस. पंजाब पिकवायला लागला. आमच्याकडे १९८० साली उजनी धरण झालं, कालव्याचं पाणी गेलं तिथं गहू आला आणि त्याच्या मागोमाग ऊस. उसानं ज्वारीची किती रानं खाल्ली हे बघायचं असेल तर सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या धुराड्या मोजा. पुढं लोकवन आला आणि ‘लोकवन आहे का?’ हे दुकानात विचारायचं रोजचं वाक्य झालं.

दुसरीकडे ज्वारी पिकवणं अवघड होत गेलं. आमच्याकडे रब्बीची ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कंबर मोडणारं काम, मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. हायब्रीड ज्वारी १९६४ पासून आली. पोती भरली, पण ती पावसाळी, दाणा पावसात सापडला की काळा पडायचा, आणि भाकरीला मालदांडीची सर नाही. हायब्रीडची भाकरी पाहुण्याला वाढायची म्हणजे घराची अब्रू गेली, असं मानत. शेतकऱ्यानं ज्वारी टिकवली ती बऱ्याच अंशी कडब्यासाठी. घरची जनावरं कमी झाली तसं तेही कारण गेलं.

मग सरकारनं शेवटचा धक्का दिला, चांगल्या हेतूनं. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो ठरलं. प्रत्यक्षात पिशवीत पडलं ते गहू आणि तांदूळ. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. आता सांगा, मावशींनी फुकटचा गहू सोडून मालदांडी का घ्यावी? त्यांच्या घरात गव्हाची पोळी होते कारण गहू मिळतो. त्यांच्या आजीच्या घरात भाकरी होत होती कारण ज्वारी मिळत होती. तुम्ही आज निवडताय, त्या दोघींपैकी कुणीच निवडलं नाही.

एक बारकी गोष्ट राहिली. मधल्या काळात शाळेच्या डब्यात भाकरी नेणं पोरांना लाजिरवाणं वाटायला लागलं. माझाच मुलगा, गिरणीवाल्याचा, डबा झाकून खायचा. भाकरीची पीछेहाट भावानं जेवढी झाली तेवढीच या झाकलेल्या डब्यांनी केली, असं माझं मत.

प्रश्न : आजी गुळाचा चहा प्यायची. ती पिढी आरोग्याबाबत किती जागरूक होती ना?
— एक विद्यार्थिनी, सांगली

पोरी, साखर रेशनवर मोजून मिळायची आणि ती पाहुण्यांसाठी डब्यात कुलपाखाली असायची. दिवाळीला कार्डावर जादा साखर जाहीर झाली की आजी दोन दिवस साखरेचा चहा प्यायली असेल. विचारून बघ.

प्रश्न : सोलापूरकडे पूर्वी करडईचं तेल असायचं म्हणतात. आता कुठं दिसत नाही. ते तेल खरंच चांगलं होतं, की हीसुद्धा जुन्याची ओढ?
— एक गृहिणी, नाशिक

चांगलं होतं. हलकं, भाजीला स्वतःचा वास न लावणारं. घाण्यावर आपली करडई घेऊन जायची, समोर बसून तेल काढून घ्यायचं, पेंड परत आणायची म्हशीला. ज्वारीच्या रानाभोवती करडईच्या ओळी टाकायचे, म्हणजे काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही. कुंपणाचं कुंपण आणि वर तेल.

त्या काट्यांनीच तिला मारलं. करडई काढायची ती पहाटे, दवानं काटे मऊ असतात तेव्हा, हाताला फडकी गुंडाळून. उन्हं चढली की हात घालवत नाही. नवीन पिढी म्हणाली, नको. आणि तोवर रेशनवर पामतेल आलं होतं. पहिल्यांदा आलं तेव्हा थंडीत डब्यात गोठायचं, बायका चुलीजवळ डबा ठेवून वितळवायच्या आणि शिव्या द्यायच्या. पण स्वस्त होतं. ज्या घरात भाजीवर तेलाचे चार थेंब दिसायचे, तिथं भजी तळली जायला लागली. हाताला काटे लागलेल्या बाईला घाण्याचं गुणगान कोण सांगणार? आता लाकडी घाण्याचं म्हणून करडई पुन्हा बाटलीत आलीय. भाव विचारून मी परत फिरलो, शेंगदाण्याचं घेतलं.

प्रश्न : अण्णा, मी नोकरीसाठी जर्मनीत असतो. इथं इंडियन दुकानात ज्वारीच्या पिठाचं पाकीट मिळतं. आजीला व्हिडिओ कॉलवर समोर बसवून थापतो, तरी भाकरी दर वेळी तुटते. आजी म्हणते तुझ्या हाताला वळण नाही. खरंच हाताचा दोष आहे का?
— एक वाचक, म्युनिक

हात बिचारा निर्दोष आहे. पिठाची विरी गेलीय. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. जो काही धरून ठेवण्याचा गुण असतो तो ताज्या पिठात, दळल्यावर फार तर आठ-दहा दिवस. तुझं पाकीट महाराष्ट्रात दळलं, बोटीत बसलं, गोदामात राहिलं आणि मग तुझ्या फळीवर आलं. आजीनं आयुष्यात इतकं म्हातारं पीठ हातात घेतलेलं नाही, म्हणून तिला दोष हातात दिसतो.

करायचं असं : पाणी खळखळ उकळू दे, पिठात घाल, उलथण्यानं हलव आणि झाकून पाच मिनिटं ठेव. मग हाताला सोसेल तेव्हा तळहाताच्या मागच्या भागानं रगडून मळ, अगदी जोर लावून. सगळ्या पिठाचा एकदम गोळा करू नकोस, एका भाकरीपुरतंच घे, मळ, थाप, तव्यावर टाक, मग दुसरी. वरून पाणी फिरव, पाणी सुकायच्या आत उलट. एवढं करून निम्म्या तरी भाकऱ्या फुगतील.

कायमचा इलाज म्हणजे अख्खी ज्वारी मिळव आणि लागेल तशी दळ. घरगुती छोटी चक्की तिकडे मिळते, धान्य दळणारे लोक जर्मनीत भरपूर आहेत, ते रायची भाकरीसारखी पावं करतात म्हणे. दळलेलं पीठ गरम असताना डब्यात झाकू नकोस, परातीत पसरून निववून मग भर. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगायचो आणि रोज कुणीतरी गरम डब्याचं झाकण लावूनच निघायचं.

पाकिटातलं पीठ संपेपर्यंत धपाटे कर. त्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक, ओवा, तीळ, लसूण-मिरचीचा ठेचा, कोथिंबीर, दह्यात भिजव, ओल्या फडक्यावर थाप आणि तेल सोडून भाज. विरी गेलेलं पीठ धपाट्यात खपून जातं, ही आमच्याकडच्या बायकांची जुनी युक्ती आहे. आणि आजीला सांग, अण्णांनी तुझ्या हाताची बाजू घेतली म्हणून.

लोणच्यांवरची बरीच पत्रं बाजूला ठेवली आहेत. तो प्रांत माझ्या बायकोचा आहे आणि तिनं उत्तरं द्यायचं कबूल केलंय, कैऱ्या संपल्यावर.